दहा हजारांच्या आत मजबूत ट्रायपॉड आणि हेड कसं निवडावं?

डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स मिळून दीड किलोच्या आसपास भरतं, तेव्हा ट्रायपॉडचे पाय आणि हेड (कॅमेरा बसवायचा वरचा भाग) दोन्ही किमान पाच किलो पेलणारे घ्या. कार्बन फायबरचा मोह सोडा, त्याच पैशात जाड नळ्यांचा ॲल्युमिनियमचा येतो. दुकानात पाय पूर्ण उघडा आणि वरून थोडं पिळून बघा. शेवटची नळी करंगळीएवढी असेल तर ती वाऱ्यात थरथरणारच.

मधला दांडा शक्यतो वर काढू नका. राजगडावर ताऱ्यांचे फोटो काढताना मी तो वर काढला होता, २० सेकंदांची प्रत्येक फ्रेम हलली. दांडा खाली करून त्याच्या तळाच्या हुकाला सॅक अडकवली, जमिनीला टेकेल अशी, तेव्हा कुठे तारे ठिपक्यांसारखे आले.

हेड आर्का-स्विस प्लेटचं (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची प्रचलित पद्धतीची पट्टी) बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं, आणि पायांपासून सुटं होणारं हवं. पुढे नुसतं तेवढंच बदलता येतं.