वाचकांचे प्रश्न : फेलोशिप, कच्चे कैदी आणि माहेरचं उत्पन्न

गेल्या अंकात नेट-सेटबद्दल, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षांबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांना फेलोशिपांची यादी हवी आहे. याद्या मोबाईलवर ढिगाने पडल्या आहेत, त्यात माझी भर नको. समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्रातली तीन पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दाम छापली नाहीत. नागपूर अजून तेवढं मोठं गाव नाही.

प्रश्न : मॅडम, मी समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे, ५८ टक्के. पीएचडीचा विषय ठरवलाय, 'विदर्भातील गुन्हेगारी : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. सेंट्रल जेलमधल्या कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. नेट समाजशास्त्रात द्यावी की गुन्हेगारीशास्त्रात? जेआरएफ नाही निघाली तर दुसरं काय? — एक वाचक, नंदनवन

उत्तर : नेट समाजशास्त्रातच दे. एम.ए. ज्या विषयात झालं त्याच विषयात नेट, हा साधा नियम आहे. आणि उद्या नोकरी शोधायला निघशील तेव्हा सिनियर कॉलेजांत पद समाजशास्त्राचं निघतं. गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विभाग आपल्याकडे बोटावर मोजण्याइतके. गुन्हेगारी हा तुझा अभ्यासविषय असू दे, पदवीवर समाजशास्त्र असू दे.

जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण पडले की मिळणारी संशोधन फेलोशिप, निघाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे तिचीच वरची पायरी, झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. फेलोशिप कुठलीही असो, पैसे पगारासारखे एक तारखेला येतील असं धरून घर चालवायचं नाही. हप्ता अडकला म्हणून घरमालकाला तोंड चुकवत फिरणारी पोरं मी पाहिली आहेत. थोडी शिल्लक बाजूला टाकूनच उतर. जेआरएफ हुकली तरी नेट वाया जात नाही. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात. गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण वर्षभर चालतात.

याशिवाय दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, पीएचडीसाठी फेलोशिप देते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोची गुन्हेगारीशास्त्र आणि पोलीस विज्ञानातल्या पीएचडीसाठी वेगळी योजना आहे. आपल्याकडच्या फार थोड्या पोरांना ती माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगते. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, हेही आताच लक्षात ठेव.

आता तुझ्या विषयाकडे येते, खरी अडचण तिथे आहे. 'विदर्भातील गुन्हेगारी' हा विषय नव्हे, तो ग्रंथालयातला एक अख्खा रॅक आहे. निवड समितीवरचा माणूस शीर्षक वाचूनच पान उलटतो. आणि जेलच्या मुलाखतींचं म्हणशील तर वर्धा रोडवर गेटपाशी अर्ज घेऊन उभं राहून काही होत नाही. परवानगी पुण्याहून, कारागृह मुख्यालयातून आणावी लागते. ती कधी येईल, किती दिवसांची येईल, सोबत शिपाई बसेल का, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. फेलोशिपचं घड्याळ मात्र रुजू झाल्या दिवसापासून चालू.

म्हणून जेलच्या भिंतीबाहेरून सुरुवात कर. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बस. आदेश होतो : पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. वकील बाहेर येऊन सांगतो, झाला बेल. बायको म्हणते, मग घरी कधी? तर जामीनदाराचं आधार आणा, घरटॅक्सची पावती नाहीतर सातबारा आणा, सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, लागली तर तहसीलला जा. बालाघाट-छिंदवाड्याहून बांधकामावर आलेल्या पोराला इथे ओळखतं कोण? ठेकेदार फोन उचलत नाही. जामीन मंजूर आणि माणूस आतच.

हा झाला विषय. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने जेलला जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. त्यावर १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, आली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. कागदावर हे सगळं आहे. एका जिल्ह्यात त्याचं होतं काय, ते तू बघ. न्यायालयातल्या नोंदी, वकील, नातेवाईक, प्राधिकरणाचं कार्यालय, सगळं सिटी बसच्या अंतरावर. पुण्याचा कागद आला तर जेलमधल्या मुलाखतींचं प्रकरण जोड, नाही आला तरी प्रबंध उभा राहतो. अर्जात हेच स्पष्ट लिही. परवानगी अडली तर काम कसं चालेल, हे ज्या अर्जात सांगितलेलं असतं त्याच्यावर माझा तरी जास्त विश्वास बसतो.

आणि गाइड धरताना त्यांची निवृत्ती किती लांब आहे ते आडवळणाने विचारून घे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नावाजलेल्या सरांच्या मागे वर्षभर हिंडून मग हे कळतं आणि पोरं हिरमुसून परत येतात.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, ओबीसी. कामठीजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. पीएचडीला नोंदणी झाली आहे. मिस्टरांचा पगार चांगला असल्यामुळे मला नॉन क्रीमीलेअर मिळणार नाही आणि महाज्योतीचा अर्जच करता येणार नाही, असं सगळे म्हणतात. जेआरएफचं वयही गेलंच ना? — एक वाचिका, कामठी

उत्तर : ताई, हे 'सगळे' कोण? लग्न झालेल्या बाईचं नॉन क्रीमीलेअर तिच्या आईवडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या पगारावर नाही. माहेरचे कागद काढा. खोळंबा व्हायचाच असेल तर तो नावापाशी होईल : जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा आणि जाहिरात निघायच्या आधीच सेतूवर चक्कर मारा. जाहिरात निघाली की तिथे उभं राहायला जागा नसते.

महाज्योती ही संशोधन फेलोशिप देणारी राज्य सरकारची संस्था आपल्या नागपुरातच आहे, दक्षिण अंबाझरी रोडवर. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे. जाऊन समोरासमोर विचारा, फोनवर अर्धंच कळतं. जेआरएफची मर्यादा ३० असली तरी महिलांना पाच वर्षं सूट आहे. म्हणजे एखादी संधी अजून हातात आहे. वय कोणत्या तारखेला धरतात ते माहितीपत्रकात बघा. आईवडिलांच्या तुम्ही एकुलत्या एक असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिपही आहे, तिला नेट लागत नाही.

कटू भाग असा, की या फेलोशिपा पूर्णवेळ संशोधनासाठी आहेत. तासिका सोडाव्या लागतील. पुढच्या वर्षी तेच तास मिळतील याची हमी कोणी देणार नाही. माझं विचाराल तर सोडा. तासिकांवर वर्षं कशी निघून जातात ते स्टाफरूममध्ये रोज दिसतंच की.

प्रश्न : मुलाची समाजशास्त्रात पीएचडी झाली. आता 'अर्ली करिअर' फेलोशिपसाठी परदेशी जायचं म्हणतो. इंग्लंडची लेव्हरह्युम चांगली का? — एक पालक, प्रतापनगर

उत्तर : काका, चांगलीच आहे, पण तिला इंग्लंडमधली पदवी किंवा तिथलं अध्यापन-संशोधनाचं पद लागतं, शिवाय निम्मा पगार तिथल्या विद्यापीठाने उचलायचा असतो. नागपूरहून थेट अर्ज करायची ती जागा नव्हे. त्याने युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप बघावी. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपर्यंत चालतो, आणि ज्या देशात जायचं तिथे गेल्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. आपल्या पोरांना ही अट आपोआप जमते. अंतिम तारीख सहसा सप्टेंबरात असते, पण तिथला प्राध्यापक त्याच्या कितीतरी आधी शोधावा लागतो. गुन्हेगारीचा विषय असेल तर जर्मनीतल्या फ्रायबुर्गला माक्स प्लांकची गुन्हे, सुरक्षा आणि कायदा यांच्या अभ्यासाची संस्था आहे. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, तिथे मात्र पीएचडी गेल्या चार वर्षांतली हवी. जायचं नसेल तर आयसीएसएसआरची पोस्ट-डॉक्टरल आहे, दोन वर्षांची.

पीएचडीचं नोटिफिकेशन, म्हणजे पदवी जाहीर झाल्याचं विद्यापीठाचं पत्र, कोणत्या तारखेचं आहे ते तुमच्या पत्रात नाही, आणि पीएचडीनंतरच्या वर्षांच्या अटींना तीच तारीख लागते. पुढचं पत्र मुलालाच लिहू द्या.