अंकोरला जायचंय, पण गुडघे साथ देतील का?

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, वय ६४ आणि ६१. मी हायस्कूलला इतिहास शिकवायचो, आता रिटायर. कंबोडियातलं अंकोर वाट बघायचं फार वर्षांपासून मनात आहे. एक टूरवाला सात दिवसात थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम तिन्ही करून आणतो म्हणतोय, त्यात अंकोरला एक दिवस आहे. हिचे गुडघे दुखतात, दोघंही शुद्ध शाकाहारी, आणि मेहुणे म्हणतात तिकडं आपल्या पोरांना कोंडून ठेवतात, बातम्या बघत नाही का. जावं का नको? जायचं तर कधी? (जुळे सोलापूर)

उत्तर : सर, जावा की! पण त्या सात दिवसांच्या टूरनं नको. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका दिवसाचंच तिकीट काढलं होतं, पहाटे पाचपासून सहा देवळं केली आणि रात्री फोटो बघताना कुठला दरवाजा कुठल्या देवळाचा तेच आठवेना, त्याची खंत मला अजून आहे. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. आणि तीन दिवस सलग जावंच लागतं असं नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस आराम, असं वहिनींच्या गुडघ्यांना झेपेल तसं करता येतं. अंकोरशेजारच्या सिएम रीप गावातच चांगले पाच-सहा दिवस मुक्काम टाका, बाकीचे दोन देश पुढच्या वेळी.

गुडघ्यांचं सांगते. अंकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तिथं जायचा जिना फार खडा आहे, लाकडी पायऱ्या आणि कठडा केलाय तरी उतरताना भीती वाटते. वहिनींनी तो सरळ सोडावा, काही चुकत नाही, कारण खरा खजिना खालच्या ओवऱ्यांमध्येच आहे. सूर्योदय बघायला सगळी गर्दी पश्चिमेकडच्या तळ्याच्या काठी उभी असते, आणि सात वाजले की निम्मे लोक नाश्त्याला हॉटेलवर पळतात. तुम्ही पळू नका, मागच्या बाजूला पूर्वेच्या ओवरीत जा, सकाळचं ऊन नेमकं तिथं येतं. तिथं समुद्रमंथन कोरलंय, जवळजवळ ४९ मीटर लांब, एकच भिंत. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मधे कासवावर विष्णू. असुरांचे डोळे गोल बटबटीत, देवांचे बदामी, एवढं लक्षात ठेवलं की कोण कुणाकडून ओढतोय ते लांबूनही कळतं. शेपटाच्या टोकाला माकडाच्या तोंडाचा एक वीर आहे, तो हनुमान असं म्हणतात, आपल्या मंथनाच्या गोष्टीत हनुमान कुठंय, सांगा बरं! आणि खाली वाकून बघा, मधल्या भागाजवळ पाण्याच्या घुसळणीत मासे आणि मगरी चक्क तुकडे होऊन उडालेत. मी त्या माशांपुढंच अर्धा तास बसले होते. दगड कित्येक ठिकाणी हात लागून लागून काळा, गुळगुळीत झालाय, तेव्हा हात लावायचा मोह आवरा.

तुम्ही इतिहासाचे मास्तर म्हणून मुद्दाम सांगते. हत्तरसंग कुडलला पोरांची सहल तुम्ही नेलीच असणार, ते ३५९ मुखांचं शिवलिंग आणि १०१८ सालचा मराठी शिलालेख. त्या लेखाच्या ५१ वर्षं आधी, ९६७ साली, तिकडं बांते स्रेई हे शंकराचं देऊळ उभं राहिलं होतं. गुलाबी वालुकाश्म, लाकडात कोरावी तशी नक्षी, आणि देऊळ छोटं, बहुतेक एकाच पातळीवर, म्हणजे वहिनींसाठी सगळ्यात सोपं. अंकोर वाट त्यानंतरचं, बाराव्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं विष्णूसाठी बांधलेलं. मग सातवा जयवर्मन आला, तो बौद्ध, त्याचं बायोन हे देऊळ, सगळ्या शिखरांवर मोठमोठे हसरे चेहरे. पण तिथंही खालची भिंत सोडू नका, राजाच्या लढायांबरोबर बाजार, मासेवाल्या, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, बाळंतपण, सगळं कोरलंय. ता प्रोह्मला झाडांनी देऊळ गिळलंय, तिथं लाकडी पायवाट केलीय आणि आपल्या पुरातत्त्व खात्यानं डागडुजीचं कामही केलंय.

एक विनंती आहे. आपली माणसं तिथं गेली की “हे सगळं आपलंच” असं मोठमोठ्यानं गाईडला सांगत सुटतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटलं. अंकोर वाटच्या पश्चिम दरवाजात आठ हातांचा विष्णू उभा आहे, तिथले लोक आजही त्याला उदबत्ती लावतात, ते त्यांचं चालतं देवस्थान आहे. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, आणि तिथल्यासारखे हात जोडून नमस्कार करा, तो आपल्यासारखाच आहे, म्हणून लगेच आपलेपणा होतो.

शक्य असेल तर नॉम पेन्हला, म्हणजे कंबोडियाच्या राजधानीला, दोन दिवस जा आणि तुओल स्लेंग बघा. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली, मास्तर, डॉक्टर, शिकलेले लोक तर वेचून मारले. तुओल स्लेंग म्हणजे मुळात हायस्कूल, त्याचा तुरुंग केला, वर्गात विटांच्या भिंती घालून कोठड्या पाडल्या. तुमच्या वयाचा कुणी तिथं भेटला तर त्यानं हे अंगावर काढलंय एवढं मनात असू द्या. देवळांपाशी पोस्टकार्ड विकणारी लहान मुलं मागं लागतात, त्यांच्याकडून काही घेऊ नका, विक्री झाली की घरचे त्यांना शाळेत पाठवत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. द्यायचंच असेल तर सुरुंगात पाय गेलेले लोक देवळाच्या वाटेवर वाद्यं वाजवत बसलेले असतात, तिथं द्या.

मेहुण्यांची भीती खोटी नाही पण ती नोकरीची आहे, टुरिस्टची नाही. डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून टुरिस्ट व्हिसावर पोरांना नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्याला जुंपतात. घरातल्या कुठल्या पोराला अशी ऑफर आली तर आधी थांबवा. दुसरं, २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्यात, त्यामुळं बँकॉकहून बसनं बॉर्डर ओलांडायचा विचार नको, विमानानंच उतरा. नवीन विमानतळ सिएम रीपपासून ४०-५० किलोमीटर लांब आहे, हॉटेलवाल्याला गाडी आधीच सांगून ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर नुसती भाजी मागवली तरी त्यात माशाचा सॉस असतो, नाहीतर प्राहोक म्हणून आंबवलेल्या माशाचा लगदा. हे त्यांच्या लक्षातही येत नाही, आपल्याकडं आमटीत मीठ घालावं तसं. सिएम रीपला इंडियन हॉटेलं आहेत, तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मोठ्या बॅगेत टाका, पहाटे देवळात निघताना तेवढ्यावर दुपारपर्यंत निभतं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. “आम्हाला सोलापूरच्या उन्हाची सवय आहे” म्हणून एप्रिल धरू नका, तिथं उन्हाबरोबर दमटपणा असतो, वहिनींना झेपणार नाही.

प्रश्न : व्हिसा आणि पैशाचं काय? कंबोडियाचे रिएल इथूनच बदलून न्यायचे का? (नवी पेठ)

उत्तर : रिएल नेऊच नका. तिथं डॉलर सर्रास चालतो, सुट्टे पैसे रिएलमधे देतात, एका डॉलरला साधारण ४००० धरा. फक्त डॉलरची नोट कोरी पाहिजे, जराशी फाटलेली किंवा पेनानं खरडलेली असली तरी परत करतात, म्हणून इथं घेतानाच एकेक नोट उलटून बघा. ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साइटवरूनच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स जादा पैसे उकळतात. पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे, आणि उतरण्याच्या आधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल फॉर्म भरायचा, तो फुकट आहे.

आणि जुळे सोलापूरच्या सरांना एक राहिलंच सांगायचं. जानेवारी ठरवला तर आपल्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चुकवू नका, संक्रांतीच्या वेळच्या अक्षता, होम, शोभेचं दारूकाम सगळं बघून मगच वंदे भारतनं मुंबई गाठा. फेब्रुवारी निम्मा संपेपर्यंत तिकडं हवा चांगलीच असते.