गावात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) मिळत नाही, मग करायचं काय? तुमचे प्रश्न

प्रश्न (एक आई, उदगीर): मुलगा चार वर्षांचा, ऑटिझम सांगितलाय. डॉक्टर म्हणतात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवणारी थेरपी, सुरू करा. इथे फिजिओ आहेत, ओटी कोणीच नाही. कुठे शोधू?

ताई, आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फोन करून डीईआयसी कुठे आहे ते विचारा, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते. पण ओटीचं पद भरलंय का, कुठल्या वारी बसतात, हे विचारल्याशिवाय एसटीत बसू नका, एवढ्या लहान लेकराला घेऊन हेलपाटा नको. तिथे नाही जमलं तर मुंबईची केईएम, सायन, नायर ही हॉस्पिटलं किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथे ओटी शिकवतात (केईएममध्ये तर १९५० पासून), तिथल्या विभागात विचारा की आमच्या भागात तुमच्याकडे शिकलेलं कोणी आहे का. कॉलेजंच मोजकी आणि तीही मोठ्या शहरांत, त्यामुळे शिकून झाल्यावर बरेच जण तिकडेच राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि रोज थेरपिस्टकडे जाता येत नाही म्हणून खचू नका. एकदा नीट असेसमेंट, मग महिन्या-दीड महिन्यातून एक फेरी, मधे व्हिडिओ कॉल, एवढ्यावरही मुलं पुढे गेलेली मी पाहिलीयेत, फक्त घरी रोज सराव व्हायला हवा. कणीक मळणं, शेंगा सोलणं, छोटी बादली उचलून नेणं, बटणं लावणं, हे सगळं थेरपीत येतं, पण तुमच्या लेकराला यातलं काय आणि किती द्यायचं ते त्याला तपासणाऱ्याकडूनच ठरवून घ्या.

प्रश्न: गावात नवीन सेंटर निघालंय, "तीन महिन्यांत मूल नॉर्मल" म्हणतात. जावं का?

नाही. अशी गॅरंटी कोणी देऊच शकत नाही. ओटीची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाची असते आणि महाराष्ट्रात ओटी-फिजिओंची राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी नंबर सरळ मागा, खरा माणूस रागावणार नाही. आईवडिलांना आत बसू देत नाहीत आणि घरी काय करायचं तेही सांगत नाहीत, तिथे पैसे घालू नका.

प्रश्न: खर्च झेपत नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून निरामय हा सरकारी आरोग्य विमा करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांना वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, त्यात ओपीडीतली थेरपीही येते.

प्रश्न (चिपळूण): बाबांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. फिजिओमुळे चालतात, पण उजव्या हाताने जेवता येत नाही, शर्टही आम्हीच घालतो.

जेवण, कपडे, आंघोळ हेच तर ओटीचं काम, आणि सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, म्हणून एकदा तरी दाखवून आणाच. तोवर शर्ट घालताना आधी दुबळा हात बाहीत, काढताना तोच शेवटी. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाड करा, ताट सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. उठवताना तो हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. आणि वेळ लागला तरी बटण त्यांनाच लावू द्या, निदान खालची दोन.