सफरचंदाचा कॉफी केक मधे कच्चा राहतोय? मिक्स बदलण्याआधी ओव्हन तपासा

तुमचा कॉफी केकचा (म्हणजे कॉफी घातलेला नव्हे, कॉफीबरोबर खायचा) प्रश्न वाचला, आणि खरं सांगायचं तर फोटोच जास्त वेळ बघत बसले. वरचा चुरा आत बुडालेला, कडा फिकट, मधे सुरी घातली तर ओलं बॅटर चिकटून आलेलं. यलो केक मिक्सचा, म्हणजे केकच्या तयार कोरड्या मिश्रणाचा बॉक्स, ॲपल पाय फिलिंगचा अख्खा डबा, वरून लोणी-दालचिनी-ब्राउन शुगरचा चुरा, ३५० फॅरनहाइटवर पन्नास मिनिटं. तरी मधला भाग कच्चाच. त्यावर बहुतेकांनी 'मिक्सचा ब्रँड बदला' असा सल्ला दिलाय. माझं म्हणणं, मिक्स बदलू नका. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, 'नुकतेच या अपार्टमेंटमध्ये राहायला आलोय, ओव्हन पहिल्यांदाच वापरला'? खरी गोष्ट तिथे आहे.

केक फेटायचा कसा, पॅनला काय लावायचं, हे मी सांगत बसत नाही. ते बॉक्सच्या मागे चित्रांसकट छापलेलं असतं.

ओव्हन प्रमाणाबाहेर तापत असेल तर केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. तुमच्या केकचं तसं नाही, तो वरूनही फिकट आहे आणि चुरा खाली गेलाय. ओव्हन कमी तापत असला की बॅटर धरायला फार वेळ लागतो. तेवढ्यात चुऱ्यातलं लोणी वितळतं, आणि तो जड चुरा अजून पातळ असलेल्या बॅटरमध्ये उतरतो. म्हणजे तुमच्या डायलवर ३५० दिसत असलं तरी आत ३५० नाही, अशी मला दाट शंका आहे. शंकाच म्हणतेय. मी काही ओव्हनची मेकॅनिक नाही, आणि फोटोवरून निदान करणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. पण या लक्षणांशी माझी जुनी ओळख आहे.

न्यू जर्सीत आम्ही पहिल्यांदा भाड्याने राहिलो तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर उजाडला की इथे सगळे बागेत सफरचंदं तोडायला जातात, आम्हीही गेलो, आणि मोठी पिशवी भरून घरी आलो. मग केकचा सपाटा. प्रत्येक केक मधे गच्च. मी बॉक्स बदलले, पॅन बदलले, अंडी जास्त घातली, आईला फोन करून नको ते ऐकून घेतलं. शेवटी एका दुकानातून सात-आठ डॉलरचा ओव्हन थर्मामीटर आणून आत टांगला. डायल ३५०, काटा ३०५.

आता वाटेल, सुटला प्रश्न. छे. आमच्या कॉम्प्लेक्सच्या लीजिंग ऑफिसकडे, म्हणजे भाड्याची घरं बघणाऱ्या ऑफिसकडे, तक्रार टाकली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, मॅनेजमेंट नंतर बदललं म्हणे. मेंटेनन्सचा माणूस आला, स्वभावाने चांगला होता बिचारा. दार उघडलं, आत हात धरला, 'इट्स हॉट' म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळी मेल: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मी थर्मामीटरचा फोटो पाठवला. उत्तर आलं की भाडेकरूने स्वतः आणलेल्या उपकरणाचं मोजमाप आम्ही ग्राह्य धरत नाही. बरं, मग तुमचं उपकरण आणा आणि मोजा, असं लिहिलं. तर तसं उपकरण आमच्याकडे नाही! पुन्हा पाठपुरावा केल्यावर लीजमधलं एक कलम दाखवलं: माणूस पाठवला आणि दोष सापडला नाही तर व्हिजिट फी भाडेकरूच्या डोक्यावर. ती पुढच्या महिन्याच्या भाड्यात लावलीसुद्धा. मोजायला साधन नाही, म्हणून दोष सापडत नाही, म्हणून पैसे आम्ही द्यायचे. रक्कम फार नव्हती, पण अजून आठवलं की डोकं तापतं. ओव्हनपेक्षा जास्त.

आणि हे नुसतं केकपुरतं नसतं. कच्चा केक फेकून देता येतो. चिकन आतून १६५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ७४ सेल्सियसला, पोहोचायला हवं, आणि ४५ अंश खोटं बोलणाऱ्या ओव्हनमध्ये रेसिपीतल्या मिनिटांवर विसंबून ते होत नाही. तुम्ही मांसाहारी असाल तर टोचायचा थर्मामीटर आजच घ्या. केकलाही तोच चालतो: मधोमध २०० ते २०५ फॅरनहाइट आलं की झाला. टूथपिकवर या केकमध्ये माझा विश्वास नाही, कारण ती सफरचंदाच्या फोडीत गेली तरी ओली येते आणि चुऱ्यातल्या लोण्यात गेली तरी ओली येते.

शेवटी मार्ग दाखवला खालच्या मजल्यावरच्या एका अमेरिकन आजींनी. त्या म्हणाल्या, ऑफिसच्या नादी लागू नकोस, मॅन्युअल काढ. बऱ्याच डिजिटल ओव्हनमध्ये तापमान वरखाली सरकवायची सोय कंपनीनेच दिलेली असते, साधारण ३५ अंशांपर्यंत. कुठे बेकचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं, कुठे सेटिंग्जमध्ये जायचं असतं. जुन्या, फिरवायच्या नॉबच्या ओव्हनमध्ये नॉब ओढून काढला की मागे स्क्रूवाली चकती असू शकते. मॅन्युअल हाती नसेल तर मॉडेल नंबर बघा. तो दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा खालचा ड्रॉवर उघडल्यावर दिसतो, त्यावरून नेटवर मॅन्युअल मिळतं. मी ३५ वाढवले, वरचे दहा डायलवरच जास्त लावायची सवय केली, आणि पुढचा केक नीट फुलला. हे काम दोन मिनिटांचं होतं आणि ऑफिसात कुणालाही ते माहीत नव्हतं.

डिस्क्लेमर: मी सांगतेय ते फक्त बटणांचं. गॅसचा ओव्हन असेल तर आत काहीही उघडू नका. सेन्सर, वायरी, बर्नर यांना हात लावू नका. फरक पन्नासच्या वर असेल किंवा आकडा सारखा नाचत असेल तर सेन्सर गेलेला असू शकतो, आणि ते घरमालकाचं काम. ऑफिसशी जे बोलाल ते लेखी बोला, फोनवर नाही. मी वकील नाही, पण फोनवरचं 'शुअर, शुअर' नंतर कुणाला आठवत नाही.

थर्मामीटर येईपर्यंत घरच्या घरी एक चाचणी करता येते. पांढरी साखर ३६६ फॅरनहाइटच्या आसपास वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घेऊन ती ओव्हनच्या मधल्या जाळीवर ठेवा. डायल ३५० ला असताना पंधरा मिनिटांनी साखर कोरडी राहायला हवी, ३७५ ला तेवढ्याच वेळात वितळायला हवी. ३७५ ला कोरडीच राहिली, तर ओव्हन थंड आहे. नेमका आकडा कळत नाही, पण आपल्याला वेड लागलेलं नाही एवढं तरी कळतं. आणि ओव्हन तापल्याची बीप वाजली की लगेच केक आत ढकलू नका. बीप हवेच्या तापमानावर वाजते, भिंती तापायला वेळ लागतो. अजून पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरलं असेल तर काढून टाका, त्याने उष्णता अडते.

आता केक. ओव्हन सुधारला तरी त्या डब्याबद्दल मला बोलायचंय. पाय फिलिंगचा २१ औंसांचा डबा म्हणजे थोडी सफरचंदं आणि भरपूर गोड, घट्ट पाक. तो अख्खा ओतला की मधल्या भागात बॅटर कमी आणि पाक जास्त होतो. तो भाग ओव्हन चांगला असला तरी उशिराच शिजतो. शॉर्टकट घ्यायचाच तर बॉक्सचा घ्या, डब्याचा नको, हे माझं ठाम मत. डबा आणूनच ठेवला असेल तर चाळणीत ओता, पाक गळू द्या, फोडी सुरीने बारीक करा आणि त्याच वापरा. उरलेला पाक पॅनकेकवर घाला.

ताजी सफरचंदं घेतली तर ग्रॅनी स्मिथ. आंबट असतात, त्यामुळे मिक्सची गोडी तोलली जाते, आणि भाजल्यावर फोड फोडच राहते. हनीक्रिस्पही उत्तम. हे वाण मिनेसोटा विद्यापीठाने काढलं, १९९१ मध्ये बाजारात आणलं. पण ते महाग असतं, केकमध्ये घालायला माझा जीव होत नाही. मॅकिंटॉशचा लगदा होतो, ती ॲपलसॉसला ठेवा. रेड डिलिशस केकमध्ये घालूच नका. दोन मोठी सफरचंदं सोलून अर्ध्या इंचाच्या फोडी करा आणि त्यांना साखर अगदी शेवटी लावा. आधीच लावून ठेवली की वाडग्यात पाणी सुटतं, आणि ते सगळं केकमध्ये जातं.

बॉक्सवरचं वजन वाचा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जुन्या रेसिपी १८.२५ औंसांच्या बॉक्सवर बेतलेल्या आहेत. नंतर बॉक्स १५.२५ चा झाला, आता काही तर १३.२५ चे दिसतात. बाहेरून बॉक्स तेवढाच. तुम्ही कुणाच्या सासूबाईंची जुनी रेसिपी घेतली असेल तर ओलं सामान जुन्या मापाचं आणि कोरडं कमी, असा घोळ होतो. १५.२५ च्या बॉक्सला जुन्या मापात आणायचं तर दुसऱ्या बॉक्समधलं ८५ ग्रॅम मिक्स काट्यावर मोजून घाला.

माझं प्रमाण असं: १५.२५ औंसांचा यलो केक मिक्स, तीन अंडी, एक कप सावर क्रीम (आंबट घट्ट साय), पाव कपाहून थोडं जास्त तेल. पाणी अजिबात नाही, बॉक्सने कितीही सांगितलं तरी. बॅटर घट्ट दिसेल, तसंच हवं, चुरा त्यावरच तरतो. ९ बाय १३ च्या पॅनमध्ये अर्धं बॅटर, त्यावर फोडी, उरलेलं बॅटर चमच्याने ठिकठिकाणी टाकून जमेल तसं पसरवायचं. चुऱ्याला पाऊण कप मैदा, अर्धा कप ब्राउन शुगर, दीड चमचा दालचिनी आणि फ्रिजमधून काढलेलं थंड लोणी सहा टेबलस्पून. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं नको. बोटांनी चोळा, वाटाण्याएवढे गोळे दिसले की थांबा. हवे तर अक्रोड. खऱ्या ३५० ला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पॅन काचेचं असेल तर २५ अंश कमी ठेवा. आणि चुरा कुरकुरीत करायला काचेचं पॅन ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनमधल्या वरच्या कडक आचेखाली, सरकवू नका, तडकतं.

माझ्या एका मैत्रिणीचा आग्रह असतो की दालचिनीऐवजी वेलची-जायफळ घालावं, आपल्याला तीच चव आवडते. घाला बापडे. मला त्यात पुरणपोळीचा वास येतो आणि मग कॉफीऐवजी दूध मागावंसं वाटतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की कोजागिरीच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा तिथे) न्यायचाय, निम्मी मंडळी अंडं खात नाहीत, जमेल का. जमेल. तीन अंड्यांऐवजी पाऊण कप घट्ट दही आणि एक चमचा बेकिंग पावडर जास्तीची. ॲपलसॉस घाला असं बरेच जण सांगतात, पण आत आधीच सफरचंद असताना मला तो प्रकार ओलसर वाटतो. अंड्याविना केक मधे जरा नाजूक होतो, म्हणून एका मोठ्या पॅनऐवजी ८ बाय ८ ची दोन वापरा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. लेबलं मात्र वाचा: काही ब्रँडच्या सावर क्रीममध्ये, विशेषतः लो-फॅटमध्ये, जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेलं) असतं, आणि मिक्सच्या बॉक्सवर अंड्याचा उल्लेख आहे का तेही बघा. निम्म्या लोकांसाठी वेगळा केक करण्यापेक्षा दोन्ही पॅन बिनअंड्याचीच करा, कुणाला फरक कळत नाही.