मामा देवस्थानचे ट्रस्टी आहेत, पैशात घोळ दिसतोय, आईने शपथ घातलीय, काय करू?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. मामा ट्रस्टी, तू त्यांच्या देवस्थानचा हिशोब कॉम्प्युटरवर टाकतोस, देणगीचे पैसे मधल्या मधे गायब होतात हे तुला कळलंय, आणि आईने गळ्याची शपथ घातलीय की तोंड उघडायचं नाही. मी याच जागी पाच वर्षं काढलीयत म्हणून लिहितेय, थोडं लांब होईल.

मी नवी मुंबईची, ठाणे-बेलापूर रोडला लागून जी जुनी गावं आहेत त्यातल्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. मी आठवीत असताना बाबा गेले. तेव्हापासून आमचं सगळं काकांनी केलं, माझी वाशीच्या कॉलेजची फी, भावाच्या पायाचं ऑपरेशन, आईच्या हातात दर महिन्याला खर्चाला पैसे, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. हे आधी सांगतेय कारण बाहेरचे लोक पटकन म्हणतात चोराला चोर म्हण आणि मोकळी हो. इतकं सोपं असतं तर तू विचारलंच नसतंस.

काका गावदेवीच्या ट्रस्टचे खजिनदार. आमच्याकडे देऊळ म्हणजे काय हे सोसायटीत वाढलेल्याला कदाचित कळणार नाही. शेतं, मिठागरं नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोत गेली, 1984 च्या जानेवारीत उरणकडे त्याच जमिनींच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे सगळी गावं उभी राहिली तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट पदरात पडले, आणि त्यातलेही किती जणांनी बिल्डरला देऊन टाकले. गाव म्हणून आमच्याकडे उरलं काय, तर देऊळ, तळं आणि चैत्रातली जत्रा. तिथल्या पेटीतले पैसे खाणं म्हणजे काय हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि त्याचंच मला आजही सगळ्यात वाईट वाटतं.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला काका म्हणाले, तुला टॅली येतंय ना मग देवीचं काम कर. जत्रा झाली की सोमवारी रात्री पेटी उघडायची. सभामंडपात सतरंजी टाकून पेटी उलटी करायची, नोटांना हळदकुंकू लागलेलं, काही नारळाच्या पाण्याने एकमेकींना चिकटलेल्या, त्या सोडवून आम्ही बायका दहाच्या, वीसच्या वेगळ्या लावायचो आणि सुटी नाणी परातीत. पहिल्याच वर्षी पाचशेची पाच बंडलं मी माझ्या हाताने रबर लावून काकांपुढे ठेवली. मोजणीचा कागद सहीला आला त्यावर चार. मी काकांकडे बघितलं, ते म्हणाले, "कर गो सही, सगळ्यांना जेवाचंय अजून." आणि मी केली.

त्यानंतर एकेक दिसायला लागलं. देवळामागे ट्रस्टचे चार गाळे आहेत, करारावर भाडं आठ हजार आणि दुकानदार प्रत्यक्षात देत होते वीस. पावती पुस्तकंही दोन, नंबर तेच, छपाई तीच, फक्त दुसरं पुस्तक टॅलीत कधी यायचंच नाही. नवरात्रात एक सुकट विकणारी आजी आली, पदराच्या गाठीत बांधून आणलेले 1,100 रुपये माझ्यासमोर मोजले आणि म्हणाली, नातू आजारातून उठला, त्याचं नाव नीट लिव गो. मी नाव नीट लिहिलं. सुंदर अक्षरात. पण दुसऱ्या पुस्तकात, कारण त्या दिवशी टेबलावर तेच ठेवलेलं होतं आणि मला ते माहीत होतं. ती पावती तिने डोक्याला लावली. त्या दिवसापासून मला देवळात हात जोडता येईनात.

म्हणून तुला सांगते, घरचे लोक आधी तुला गप्प बस म्हणत नाहीत, आधी तुझा हात मागतात. एक सही, एक एंट्री, एक पावती. गप्प राहण्याची पाळी नंतर येते, तोवर कागदावर तुझंच नाव जास्त वेळा आलेलं असतं. तक्रार करायची की नाही हा तुझा मोठा प्रश्न आहे आणि त्याला वेळ घे. पण हात काढून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, ते याच आठवड्यात कर. मामांना तोंडी सांगू नको, ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नावाने साधं पत्र लिही की अमुक तारखेपासून मी हिशोबाचं काम करणार नाही, आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घे. दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठव. मी हे पाच वर्षं उशिरा केलं.

कायद्याचं मला जे स्वतः फिरून कळलं ते पण सांगते. देवस्थान रजिस्टर असेल तर ते 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतं आणि आपल्यासाठी ऑफिस ठाण्यातच आहे, धर्मादाय आयुक्तांचं. तिथे अर्ज करून ट्रस्टच्या परिशिष्ट 1 चा उतारा आणि ऑडिट रिपोर्टच्या नकला मागता येतात, मालमत्ता कोणती आणि ट्रस्टी कोण हे तिथेच कळतं, कारण कितीदा गावात एक कमिटी असते आणि कागदावर दुसरीच. गाळा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा किंवा जागा विकायची तर कलम 36 प्रमाणे आधी परवानगी लागते, आमच्या ट्रस्टने ती घेतलीच नव्हती. आणि त्याच कायद्याच्या कलम 41 ड खाली ट्रस्टीला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं, त्यासाठी नुसता भाविक म्हणून तुझा संबंध असेल तरी अर्ज करता येतो. पण वकील गाठ, माझ्या भरवशावर जाऊ नको.

मी आधी काकांशीच बोलले. घरी, काकी आत भाकऱ्या करत होती. मला वाटलं चिडतील, पण आवाज न चढवता म्हणाले, "तुझी फी कुठून आली वाटलं तुला?" तेवढंच. मी उठून बाहेर आले आणि तळ्याच्या कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत बसले. ते खरं होतं की मला बांधून ठेवायला बोलले, मला आजही माहीत नाही. पण काम सोडायचं पत्र मी दुसऱ्या दिवशी दिलं, आणि पुढे गावातल्या दोघांनी तक्रार केली तेव्हा मी जबाब पण दिला, माझ्या सह्या कुठे कुठे आहेत त्यासकट. चौकशी अजून चालू आहे.

किंमत काय पडली तर माहेर गेलं. भावाच्या हळदीला मला बोलावलं नाही, त्याच्या लग्नाचे फोटो मी दुसऱ्याच्या स्टेटसला बघितले. भाऊबीजेला ताट तयार ठेवते, तो येत नाही. देवीची ओटी भरायला दुपारी देऊळ रिकामं असतं तेव्हा जाते. आई वर्षातून दोनदा येते, वालाच्या शेंगा, सुकी मच्छी घेऊन, आणि काकांचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागते. एक दिवस सगळ्यांना पटेल असं मी तुला सांगणार नाही, मला तसं दिसत नाही. जबाब दिल्याचा पस्तावा मला नाही, सह्यांचा आहे.

काका वाईट माणूस आहे का असं मला विचारलंस तर मी नाही म्हणेन. माझ्या भावाला पाठीवर घेऊन हॉस्पिटलचे जिने चढलेला माणूस आहे तो. हे दोन्ही मला एकाच वेळी धरून ठेवावं लागतं आणि त्याने थकायला होतं.

आईच्या शपथेचं एवढंच, तिला शांतपणे कागद दाखव. उद्या चौकशी लागली तर भावाच्या आधी मुलाला उत्तर द्यावं लागेल हे बहुतेक तिला कोणी सांगितलेलंच नाही, माझ्या आईलाही कोणी सांगितलं नव्हतं. तुझी सही कुठल्या कुठल्या कागदांवर आहे ते आधी बघ, तारखांसकट लिहून काढ आणि मला इथे खाली कळव, पुढचं त्यावरून बोलू.