मोबाईल का नाही फेकलास?

"मॅडम, याची हार्मोन्सची तपासणी करून घेऊ का?" खुर्चीत टेकण्याआधीच आईने विचारलं. मुलगा १५ वर्षांचा. वर्षभरात ताडमाड वाढला, आवाज फुटला आणि घरात आदळआपट सुरू झाली. आदल्या रात्री टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकलेला. चिरंजीव शेजारी शांत बसून म्हणाले, "माझे हार्मोन्स वाढलेत. मी काय करणार?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड जास्त काम करू लागली तर माणूस विनाकारण चिडचिडा होतो. वजन उतरतं, हात थरथरतात, धडधडतं. नुसत्या बोलण्याने ते बरं होणारं नाही. याचे रिपोर्ट नॉर्मल आले. आईचा चेहरा जरा पडलाच. दोष रक्तात सापडला असता तर गोळीवर भागलं असतं ना!

वयात येताना मुलांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत तयार होणारं हार्मोन, कैक पटींनी वाढतं, हे खरंच. १८४९ मध्ये बेर्टोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने कोंबड्यांची वृषणं काढली, तेव्हा त्यांचं आरवणं आणि भांडणं थांबलं. वृषण पुन्हा पोटात रोपल्यावर दोन्ही परत आलं. पण माणसांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि आक्रमकपणा यांचा संबंध मोजला, की तो फारच अंधुक निघतो. शिवाय गाडी उलटीही धावते: चुरशीच्या सामन्यात, कुणी आव्हान दिलं की हे हार्मोन वाढतं. ते राग पेटायला सोपा करत असेल, पण तो कुणावर काढायचा हे काही ते सांगत नाही.

पुढच्या वेळी मुलाला एकट्याला बसवलं आणि आजवर काय काय फेकलं त्याची यादी करायला लावली. रिमोट, उशी, पाण्याची बाटली, बहिणीची कंपासपेटी.

"मोबाईल?"

"वेड लागलंय का मला?"

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तोच खुदकन हसला.

मग त्याला झुरिकचा एक प्रयोग सांगितला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. काही स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतंच खोटं औषध, आणि पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावला. टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांनी वाटणी जास्त न्याय्य केली. ज्यांना आपल्याला ते मिळालंय असं नुसतं वाटत होतं, त्या मात्र जास्त हावरटपणे वागल्या. तो बराच वेळ गप्प होता.

आईला मी एकच काम दिलं होतं, प्रत्येक भडक्याची वेळ लिहायची. दोन आठवड्यांच्या नोंदींतले बहुतेक भडके सकाळी शाळेच्या घाईतले. स्वारी झोपायची दीडला, उठायची सहाला. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन मुळातच रात्री उशिरा वाढतं, त्यात हातात मोबाईल. म्हणजे हार्मोनचा हात होताच, फक्त ज्याच्यावर आळ होता त्याचा नव्हे. मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा, यावर मात्र आमची दोन सत्रं गेली.

चौथ्या भेटीत आई सांगू लागली, "परवा परत रिमोट उचलला. माझ्याकडे बघितलं..."

"आणि सोफ्यावर टाकला," तो मध्येच म्हणाला. "सेलसुद्धा नाही निघाले."