सुई टोचताना आई कुठं असावी?

या वेळच्या पत्रांत मुलांच्या आजारापेक्षा दवाखान्यातल्या सुया, तपासण्या आणि ऑपरेशनबद्दलच जास्त विचारलंय. त्यातले काही प्रश्न इथं घेते.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी जुलाबानं सुकली म्हणून ॲडमिट केलं. सलाइन लावताना सिस्टरनी मला बाहेर थांबायला लावलं. चार ठिकाणी टोचलं, ती आत किंचाळत होती. घरी आल्यापासून ती मला क्षणभरही सोडत नाही. मी आत थांबायला हवं होतं का? – एक आई, कागल

तुम्हाला आत थांबू द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काहीही चुकलेलं नाही. आईबाबांना बाहेर काढायची पद्धत जुनी आहे आणि तिला कारणंही आहेत. सुकलेल्या बाळाची शीर आधीच सापडत नाही, त्यात आई रडायला लागली किंवा वडिलांना चक्कर आली की सिस्टरचा हात बिचकतो. पण दीड वर्षाच्या लेकराला सुई कशासाठी हे कळत नसतं. दुखताना आई दिसत नाही, एवढंच कळतं, आणि तीच भीती जास्त दिवस टिकते.

पुन्हा अशी वेळ आलीच तर विचारा, "हिला मी मांडीवर घेऊन बसू का?" बाळाचं तोंड तुमच्या छातीकडे, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, एक हात तुमच्या काखेखालून पाठीमागं आणि दुसरा सिस्टरच्या हातात. उताणं झोपवून तिघांनी दाबून धरलं की मूल जिवाच्या आकांतानं झगडतं. असं कवटाळून धरलं की कमी झगडतं, आणि शीरही लवकर मिळते. दोनदा टोचून जमलं नाही तर "आता दुसऱ्या सिस्टरना बोलवता का?" असं विचारायला अजिबात संकोचू नका. त्यात कुणाचा अपमान नाही. त्वचा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं. तुमच्या मुलीच्या वेळी तेवढा वेळ नव्हता. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी तसं सरळ सांगावं, मग मुलाला लळा असलेली आजी, मावशी, आत्या कुणीतरी आत राहील.

आणि मुलाला खोटं सांगू नका. "काही नाही होत, दुखणार नाही" म्हटलं आणि दुखलं, की पुढच्या वेळी ते तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. "टुच्च करणार आहेत, थोडं दुखेल, मी इथंच आहे" एवढं पुरतं. दीड वर्षाच्या मुलालाही आवाजातलं खरं कळतं.

तिचं चिकटून राहणं, रात्री दचकून उठणं बहुतेक काही आठवड्यांत ओसरतं. तोवर तिला जवळ घ्या, लाडावेल म्हणून दूर करू नका. बाहुलीला सुई टोचायचा खेळ ती खेळत असेल तर खेळू द्या. घरात कुणी "जेवली नाहीस तर डॉक्टर सुई देतील" म्हणत असेल, तर ते मात्र आजपासून बंद.

प्रश्न : दहा किलोच्या मुलाचं एका वेळी तीन ट्यूब रक्त काढलं. अशक्तपणा येणार नाही का? – राजारामपुरी

नाही. मुलाच्या अंगात किलोमागं साधारण 75 ते 80 मिली रक्त असतं, म्हणजे तुमच्या मुलाच्या अंगात पाऊण लिटर तरी. तीन लहान ट्यूब म्हणजे एखादा चमचा. हा हिशेब ठेवावा लागतो तो कमी दिवसांच्या, किलो-दीड किलोच्या बाळांच्या बाबतीत.

प्रश्न : आठ महिन्यांच्या मुलाला ताप आणि झटके आले. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायचं म्हणून सही मागितली. वडीलधारे म्हणाले, पाणी काढलं की पाय जातात. आम्ही एक दिवस सही दिली नाही, नंतर दिली. मुलगा आता बरा आहे, पण मनात धाकधूक आहे. – एक वडील, गडहिंग्लज

हा समज आपल्या भागात फार खोलवर रुजलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली नसांची जाड दोरी कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. नवजात बाळात ती कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपते, मोठेपणी त्याहून वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ. सुई घालतात ती त्याच्या खाली, चौथ्या मणक्याच्या आसपास. तिथं पाणी असतं आणि त्यात नसांचे सुटे धागे तरंगत असतात. काढतात ते एक-दोन मिली, आणि शरीर ते काही तासांत भरून काढतं. कमर एक-दोन दिवस ठणकू शकते, मोठ्या मुलांचं डोकं दुखू शकतं.

मग पाय गेलेली मुलं लोकांनी बघितली ती कुठली? ज्या मेंदूज्वराच्या शंकेनं ही तपासणी करतात, त्यानंच मुलाचे हातपाय लुळे पडू शकतात, ऐकू येणं जाऊ शकतं. त्याच मुलांचं पाणीही काढलेलं असतं. दोष आजाराचा, नाव सुईचं.

ही तपासणी कधी पुढंही ढकलतात : डोक्यातला दाब वाढलेला असेल, प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा मूल अगदी अत्यवस्थ असेल तर. तेव्हा अँटिबायोटिक आधी सुरू होतं. तुमच्या मुलालाही त्या रात्री औषध चालू होतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. एकच करा, मुलाच्या कानांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

सही मागणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगायचंय. घाबरलेल्या घरापुढं नुसता कागद सरकवू नका. कागदाच्या मागच्या बाजूला कणा काढून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सकाळी रडत होता म्हणून मी बिस्कीट दिलं. ऑपरेशन पुढं ढकललं, सगळे मला बोलले. एका बिस्किटानं एवढं काय होतं? – एक आजी, पन्हाळा

आजी, तुम्ही ते सांगितलंत म्हणून नातवाचा धोका टळला. भूल दिली की ठसका लागायची ताकद जाते. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. म्हणून जेवण, बिस्कीट, गाईचं किंवा पावडरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुम्हाला हा हिशेब आधी कुणी सांगायला हवा होता. "रात्रीपासून उपाशी ठेवा" एवढंच सांगितलं की पोर कळवळतं आणि आजीचा जीव राहत नाही. भूलतज्ज्ञांना नेमकं विचारा, पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि नंबर पहिला लावता येईल का.

प्रश्न : बाळ कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत आहे. रोज टाचेला टोचतात. घरचे म्हणतात, एवढ्याशा जिवाला काय कळतंय. खरं आहे का? – एक वडील, इचलकरंजी

खरं नाही. मात्र एके काळी डॉक्टरही असंच मानत. 1980च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशी वेदनाशामकं न देता होत. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं, की बाळाला वेदना होतात आणि नीट भूल दिलेली बाळं ऑपरेशनमधून जास्त चांगली सावरतात.

टाचेला टोचायच्या दोन मिनिटं आधी आईच्या दुधाचे किंवा साखरेच्या द्रावणाचे थेंब जिभेवर दिले की बाळ कमी रडतं. ते सिस्टरच मोजून देतील. बाळाची तब्येत स्थिर असेल तर कांगारू पद्धतीनं उघड्या छातीवर घेऊनही टोचता येतं, आणि ते वडीलही करू शकतात. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), म्हणजे आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्यात असा किंवा खासगीत, विचारायला कचरू नका. मात्र घरच्या कुणी साखरपाणी किंवा मधाचं बोट चाटवायचं नाही. मध तर वर्षाचं होईपर्यंत नकोच, हे घरी आजच सांगा.